जावयाने दिलेली पाटी

टॅबवर लॅपटॉपचं सगळं काम होतं का, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. तो पडायच्या आधीच आमच्या जावयांनी त्याचं उत्तर देऊन टाकलं. जावई पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. तिथे ते नेमकं काय करतात हे मला सहा वर्षांत समजलेलं नाही; पण जे करतात ते बसून करतात आणि त्याबद्दल उभ्याने बोलतात, एवढं माझ्या लक्षात आलंय. दिवाळीला ते आले, फराळाची ताटली हातात घेऊन माझ्या कामाच्या टेबलाजवळ उभे राहिले, लॅपटॉपकडे पाहिलं आणि दवाखान्यात म्हाताऱ्या नातेवाइकाला बघायला आल्यासारखी मान हलवून म्हणाले, "मामा, अजून हाच?"

हाच म्हणजे बारा वर्षांचा. त्याचं डावं बिजागर निखळलंय, म्हणून पाठीमागे जाड शब्दकोशाचा टेकू लागतो. बॅटरी नावापुरती आहे. चार्जरची पिन जराशी ढिली झाली की गडी डोळे मिटतो. सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. तरीही पोट त्यानेच भरलं, लेकीचं लग्न त्यानेच करून दिलं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण ज्यांच्याशी लग्न करून दिलं तेच समोर उभे होते, म्हणून मिटलं.

पाडव्याला आम्ही त्यांना शर्टपीस दिला आणि त्यांनी मला टॅब दिला. "आता लॅपटॉप विसरा मामा. सगळं यावरच होतं," असं म्हणून त्यांनी खोकं उघडलं. आमच्याकडे जावयाने आणलेली वस्तू परत करता येत नाही, तिच्यात खोट काढता येत नाही, आणि माळ्यावर तर मुळीच टाकता येत नाही, कारण पुढच्या खेपेला ती कुठे आहे हे ते बघतातच. सुनेने दिली असती तर निदान बोलून मोकळा झालो असतो. बायकोने टॅब हातात घेऊन उलटासुलटा केला, बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही तर पाटी झाली. शाळेत नेत होतो ती." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव पाटी पडलं. जावयांसमोर मात्र आम्ही टॅबच म्हणतो.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी नांदेडात जुन्या मोंढ्याजवळ, घराच्याच पुढच्या खोलीत, लग्नपत्रिका जुळवून देतो. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हापासून हेच करतोय. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, मग हा लॅपटॉप आला. छपाई दुसऱ्याकडे, मजकूर आणि मांडणी माझी. आमच्या भागातली लग्नपत्रिका म्हणजे लग्नाचं निमंत्रण, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. लग्न कुठे नि केव्हा हे तिच्यात दोन ओळींत उरकतं. बाकीची सगळी पत्रिका ही कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली याची नोंद असते. निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण, व्यवस्थापक कोण, हे ठरवायला लग्न ठरवायला लागला त्याहून जास्त वेळ लागतो. नवरीचं नाव एकदा येतं, चुलत्यांचं तीनदा. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांची सोय 'समस्त आप्तेष्ट व मित्रमंडळी' यात करायची असते, आणि तेही येऊन आपण त्यात आहोत ना, याची खात्री करून जातात.

ही खात्री करण्याची एक रीत आहे. पत्रिका जुळली की घरातले पाचसहा जण येऊन माझ्या पाठीशी उभे राहतात, आणि प्रत्येक जण पुढे वाकून स्क्रीनवर बोट टेकवतो. नुसतं बघून त्यांचा विश्वास बसत नाही. नावावर बोट ठेवायचं, मोठ्याने वाचायचं, बोट तसंच ठेवून मागे वळून बायकोकडे पाहायचं, आणि मग दुसऱ्याला जागा द्यायची. बोटाला कधी गुळाचं, कधी तंबाखूचं, कधी हळदीचं काहीतरी असतंच. बारा वर्षांत माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर किती बोटं टेकली याचा हिशेब नाही. त्याने कधी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी मी बायकोच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने स्क्रीन पुसतो की दुसऱ्या दिवशी तो नव्या बोटांना तयार. त्यानंतर मी कागदावर प्रूफ काढतो, घरातल्या थोरल्या माणसाची त्यावर सही घेतो आणि मगच छपाईला देतो. तीस वर्षं लोकांना मी एकच सांगत आलोय, प्रूफ नुसतं पाहू नका, वाचा.

टॅबने हा सगळा मागासलेपणा संपवायचं ठरवलं होतं. त्यात टायपिंग करायचं म्हटलं की अर्धी पत्रिका पडद्यावर उमटलेल्या कीबोर्डाखाली जायची, म्हणून जावयांनी वेगळा कीबोर्ड पाठवला. टॅब उभा राहीना, म्हणून स्टँड पाठवला. बोटाने ओळ सरळ येईना, म्हणून पेन पाठवलं. पेनाने हात अवघडला, म्हणून माउस पाठवला. माउस जोडायला भोकच नव्हतं, म्हणून चार भोकांची एक डबी पाठवली. पेनड्राइव्ह त्याच डबीत, चार्जर त्याच डबीत, आणि प्रवासात कुठे बंद पडू नये म्हणून एक पॉवरबँक. माझे नेहमीचे अक्षरांचे टाइप त्यात चालेनात, ते मात्र पाठवण्यासारखे नव्हते. "नवीन वापरून बघा मामा, फ्रेश वाटेल," असं जावई म्हणाले. मी वापरले. गणपतीखालचा श्लोक औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखा दिसायला लागला. जावयांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा आणि मी टॅब स्टँडवर ठेवून त्याच्यामागे बसायचो, तेवढा वेळ मी आधुनिक असायचो.

माणूस खोटं बोलता बोलता स्वतःलाही पटवून घेतो, तसं माझं झालं. थोड्याच दिवसांत मी गिऱ्हाइकांना सांगू लागलो, "तुम्ही येऊ नका, मीच येतो. आपलं ऑफिस आता पिशवीत असतं."

लोहा गावची एक ताई ही या पिशवीतल्या ऑफिसची पहिली गिऱ्हाईक. बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर तिची पिठाची गिरणी आहे. नवरा गेला तेव्हा मुलगी पहिलीत होती. पंधरा वर्षं या बाईने पट्टा चढवला, उतरवला, जवारी दळली, मोटर जळाली तर भरून आणली, आणि मुलीला नर्स केलं. मुलगी आता लातूरला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं होतं. मी गेलो तेव्हा दळणाचे डबे रांगेत लावलेले होते आणि ताईच्या भुवयांपर्यंत पीठ होतं. मी पिशवी उतरवून खांदा चोळू लागलो.

"लई वजन हाय का भाऊ?" तिने विचारलं.

"छे, छे. टॅब आहे. एकदम हलका असतो."

"मंग खांदा कामून चोळून राहिलात?"

तिने पिशवी उचलली आणि सरळ दळणाच्या काट्यावर ठेवली. पिशवीत मी लॅपटॉपही आणला होता, वेळप्रसंगी असावा म्हणून. ते तिला कळल्यावर तिने दोन्ही वेगवेगळे तोलले. टॅब आणि त्याचा सगळा परिवार एका खेपेला, लॅपटॉप आणि त्याचा चार्जर दुसऱ्या खेपेला. टॅबच पाव किलो जास्त भरला. रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "असू द्या," ताई म्हणाली, "नवा हाय, अंग धरलंय." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण काट्याशी काय भांडणार.

टॅब उघडून तिथेच मजकूर घेतला. पीठ उडून पडद्यावर बसायचं आणि बोट घसरायचं, म्हणून दर दोन ओळींनी शर्टाच्या बाहीने पुसत होतो. सगळी नावं झाली तेव्हा तिने गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर म्हणाली, "भाऊ, माझी एकच गोष्ट हाय. माझं नाव पैल्या ओळीत पाहिजे. निमंत्रक म्हणून. गणपतीच्या खाली लगेच."

आमच्याकडे पत्रिकेच्या पहिल्या ओळीत 'श्रीमती' लिहीत नाहीत. बाप नसेल तर चुलता, चुलता नसेल तर मामा, आजोबा, कुणीतरी पुरुष वर येतो आणि आई खाली कुठेतरी 'आपली कृपाभिलाषी' होते. कुणी तसा नियम केलेला नाही, म्हणूनच तो मोडताही येत नाही. खरं सांगायचं तर तीस वर्षांत अशा कितीतरी आया मी स्वतःच्या हाताने खालच्या ओळींत नेऊन ठेवल्या आहेत, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

"थोरल्या दिरांना इचारलं," ती म्हणाली. "लातूरला असतात, सरकारी साहेब हायत. पैल्यांदा म्हणले, श्रीमती वर बरं दिसत न्हाई. मी म्हणले, पंधरा वर्षं गिरणीत दिसत होतं तवा बरं दिसत होतं का? मंग म्हणले, बरं, घाल. त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत घाला, मोठ्या अक्षरात घाला, मला काय न्हाई. त्यांना एकदा दाखवून घ्या, न्हाईतर मागून बोलत्याल. पर माझं नाव जागचं हालवू नका."

"तुमचं नाव हलत नाही ताई," मी म्हणालो आणि टॅबवर थाप मारली. तो गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता. मी तो पाटीच्या भरवशावर दिला.

दोन दिवसांनी लातूरला गेलो. लॅपटॉप घरीच ठेवला, कारण काट्यावर झालेला अपमान अजून आठवत होता आणि खांद्यावर एकच वस्तू पेलणार होती. साहेबांचं घर औसा रोडला. दिवाणखान्यात साहेब, त्यांच्या पत्नी, मोठा मुलगा आणि सून, साहेबांचे मेहुणे असे सगळे जमले होते. पेपर मागायला आलेले शेजारीही पेपर काखेत धरून थांबले. मी टॅब स्टँडवर लावला. पत्रिका झळकली. जावयांनी पाहिलं असतं तर त्यांना धन्य वाटलं असतं.

मग बोटं आली.

साहेबांनी दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. ओळीभोवती निळी चौकट आली आणि साहेबांचं नाव बोटाबरोबर वर निघालं. "अहो, हे हलतंय," साहेब म्हणाले. मी घाईघाईने ते जागेवर आणलं. तेवढ्यात साहेबांच्या पत्नींनी आपलं नाव शोधायला बोट खाली फिरवलं, तर सगळी पत्रिकाच खाली गेली. मुलाने दोन बोटांनी पान मोठं केलं, मेहुण्यांनी त्याच वेळी एका बोटाने आपल्या नावावर टिचकी मारली, आणि व्यवस्थापक मंडळ तिरकं झालं. "हात नका लावू, नुसतं बघा," असं मी म्हणत होतो. पण बघणं आणि हात लावणं या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शेजाऱ्यांचं नाव पत्रिकेत नव्हतं, तरी त्यांनीही ते नसल्याची खात्री बोट लावून करून घेतली. लॅपटॉपने बारा वर्षं ज्या बोटांना दाद दिली नव्हती, त्यांतल्या प्रत्येक बोटाचा हुकूम टॅब हात जोडून पाळत होता. मी दोन्ही हातांनी ओळी जागेवर बसवत होतो आणि तोंडाने हसत होतो.

शेवटी सगळं बसलंसं वाटलं. कागदी प्रूफ नव्हतं. आता कागदाची काय गरज, म्हणून मी ते बंदच केलं होतं. सहीऐवजी साहेबांना टॅबवरच्या हिरव्या बटणाला बोट लावायला सांगितलं. त्यांनी लावलं. "सोपं झालं हो," ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मांडीवर टॅब घेऊन पत्रिका उघडली. गणपतीच्या खाली जरा जास्त जागा मोकळी दिसत होती. बोटांनी काहीतरी सरकलं असणार, असं वाटलं. ती जागा डोळ्यांना खुपत होती, म्हणून मी साहेबांची ओळ बोटाने उचलून वर घेतली आणि नीट मध्यावर बसवली. मांडणी सुबक दिसली. स्वतःवर खूश होऊन मी मान डोलावली. अहमदपूरच्या पुढे रेंज आली आणि फाईल छपाईला पाठवून दिली. मग लोहा आलं. बस स्टँडवर दहा मिनिटं थांबली. मी उतरलो, गिरणीचा आवाज ऐकत चहा प्यायलो आणि परत येऊन बसलो. चार पावलं चालून ताईला पत्रिका दाखवावी, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. टॅब सोबत असला की माणसाला पुन्हा कशाला भेटायचं, हेच तर मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो.

पत्रिका छापून दुकानात आल्या. ताई स्वतः न्यायला आली, नवीन लुगडं नेसून. मी गठ्ठा सोडून वरची पत्रिका तिच्या हातात दिली. तिने गणपतीखाली बोट ठेवलं. वाचलं. बोट खाली नेलं, वाचलं, पुन्हा वर आणलं. असं तीनदा केलं. मी अजून हसतच होतो. मग तिने पत्रिका माझ्याकडे वळवून टेबलावर ठेवली आणि मी पहिली ओळ पाहिली. तिथे साहेब होते. खालीही ती नव्हती. आख्ख्या पत्रिकेत मुलीच्या आईचं नाव नव्हतं.

"ताई, हे... हे मी नाही केलं. टॅबवर बोट लागून सरकलं असेल. त्या दिवशी सगळ्यांनीच बोटं लावली..."

"टॅबला बरं माझंच नाव सापडलं," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांना कसं गप्प करायचं ते मला चांगलं येतं. ती नुसती खुर्चीवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "मला वाटलंच होतं," म्हणाली. "दीर इतक्या लवकर हाव म्हणले तवाच वाटलं होतं. तुमचा काय दोष न्हाई भाऊ. तुमाला बी त्यांच्याकडूनच कामं येत असत्याल." गठ्ठ्याला हात न लावता ती उठली. "पोरीला मी सांगते कायतरी," म्हणाली आणि गेली. मला इतकी लाज वाटली की तो गठ्ठा मी टेबलाखाली सारला.

थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. छापखान्यातून त्यांना नमुना परस्पर मोबाईलवर गेला होता. "पत्रिका पाहिली," ते म्हणाले. "बरं केलंत हो. आम्हाला सांगायला अवघड जात होतं. तुम्ही समजूतदार माणूस आहात." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी समजूतदार म्हटलं, आणि तेही कशासाठी.

मी टॅब उघडला. पत्रिका बारीक करत करत गेलो, इतकी की पान बोटाएवढं झालं. तेव्हा पानाच्या बाहेर, उजवीकडे, करड्या जागेत एक ओळ पडलेली दिसली. 'निमंत्रक : श्रीमती' आणि पुढे तिचं नाव. पानाबाहेरचं छापलं जात नाही, म्हणून ते छापलं गेलं नव्हतं. कुणाच्या बोटाने ते तिथे गेलं हे टॅब सांगत नाही. सांगितलं असतं तरी मला त्याचा उपयोग नव्हता. कारण मोकळी झालेली जागा कुणी भरली, ते मला माहीत होतं. साहेबांना उचलून तिच्या जागी मी बसवलं होतं, बसमध्ये, स्वतःच्या बोटाने, आणि वर मान डोलावली होती. बाईची जागा रिकामी दिसल्यावर तिथे कोण होतं असा प्रश्न पडायच्या ऐवजी तिथे कुणा पुरुषाला बसवावं, हे माझ्या बोटाला टॅबने शिकवलेलं नव्हतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वाचलं नव्हतं का?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

ती उठली, आतून लॅपटॉप घेऊन आली, शब्दकोश आणला आणि टेबलावर ठेवला.

आधी साहेबांना फोन करणं भाग होतं. ताईचं नाव परत वर घालून पत्रिका नव्याने छापतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "आता कशाला? झालं ते झालं, वाटून टाका." सरकारी माणसाशी वाद घालायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, माझ्या हातात काही नाही. टॅबवर तुम्ही हिरवं बटण दाबलं त्या मजकुरात ताईंचंच नाव वर होतं. आता तेच छापायला लागतं. मशीनचं असं असतं, ऐकतच नाही." यातलं एक अक्षरही धड खरं नव्हतं. पण साहेबांनी आयुष्यभर लोकांना असंच काहीतरी सांगून परत पाठवलं असणार, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. जावयाने दिलेली वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामाला आली.

मग ताईला फोन केला. या म्हटलं, तर म्हणाली, "कशाला आता? गिरणी सोडून येनं होत न्हाई." मी म्हणालो, "ताई, तुमचं नाव कुणाच्या बोटाने सरकलं ते मला माहीत नाही. पण तुमच्या जागेवर साहेबांना मी बसवलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मला जागा मोकळी दिसली आणि मी भरली. वाचलं नाही." पलीकडे गिरणी चालू होती. मग ती म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने आली. मी लॅपटॉप सुरू केला. तो नेहमीप्रमाणे वेळ घेऊ लागला तेव्हा मी चहा केला. तिने प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला, तरी तो अजून विचार करत होता. "हा जुना दिसतो," ती म्हणाली. मी हो म्हणालो. सगळा मजकूर मी रात्रीच माझ्या जुन्या टाइपात पुन्हा जुळवून ठेवला होता. पत्रिका उघडली. गणपती, त्याखाली श्लोक, त्याखाली पहिली ओळ.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. 'निमंत्रक'पासून सुरुवात केली. एकेक अक्षर बोटाखालून सोडत 'श्रीमती'वर आली, तिथे जरा थांबली, पुढे स्वतःच्या नावावर आली, मग नवऱ्याच्या नावावर, मग आडनावावर. शेवटचं अक्षर संपल्यावर बोट उचललं आणि नाव आहे का ते पाहिलं. होतं. मी प्रूफाचा कागद काढून पुढे ठेवला. तिने तोही वाचला आणि खाली सही केली. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेली सही असावी. अक्षरं सुटी सुटी होती, पण प्रत्येक अक्षर रेघेवर होतं. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. या वेळी तिने आपल्या नावावर बोट ठेवून जोरात दाबलं. स्क्रीन मागे कलली आणि शब्दकोशावर टेकली. तिने बोट तसंच धरून डावीकडे रेटलं, उजवीकडे रेटलं, खाली ओढलं.

"न्हाई हालत," ती म्हणाली. मग बोट काढलं. "आता छापा."